डव्हच्या कांठचे दोन मित्र

कृत्रिम माशीच्या गळानें मासे धरण्याच्या स्पर्धा आज अनेक देशांत होतात. १९८१ सालापासून त्यांचे जागतिक सामनेही भरूं लागले. मासा मोजपट्टीवर धरावयाचा, त्याची लांबी लिहून घ्यावयाची आणि त्याला पुन्हा पाण्यांत सोडून द्यावयाचें, असा त्यांतील प्रघात. परंतु ह्या क्रीडेला वाङ्मयांत स्थान मिळवून दिलें तें कोणा विजेत्यानें नव्हे. तें काम केलें दोन मित्रांनीं, आणि त्यांपैकीं वडील मित्राला ही विद्या धाकट्याइतकी येत नव्हती.

इझाक वॉल्टन हा लंडनमधील कापडाचा व्यापारी. त्याचा मत्स्यविद्येवरील ग्रंथ १६५३ सालीं प्रसिद्ध झाला. राजाचा शिरच्छेद होऊन चारच वर्षें लोटलीं होतीं. वॉल्टन राजपक्षाचा, म्हणजे पराभूत पक्षाचा होता. अशा काळांत त्यानें नदीकांठच्या संवादांचें पुस्तक लिहिलें. त्यांत एके ठिकाणीं गुरु आणि शिष्य शेजारीं शेजारीं गळ टाकून बसले आहेत. गुरूला मासे मिळत आहेत, शिष्याला एकही नाहीं. शिष्य कुरकुरतो, तेव्हां गुरु आपली काठी त्याच्या हातीं देतो. तरी शिष्याचा गळ रिकामाच! मग गुरु त्याला थट्टेनें समजावतो कीं वाद्य तर हातीं आलें, परंतु तें वाजविण्याचा गज अद्याप आला नाहीं.

मौज अशी कीं, माशीच्या गळापुरता हा गज खुद्द वॉल्टनच्याही हातीं नव्हता. गांडूळ, बेडूक इत्यादि आमिषांचा तो जाणकार. माशीचा गळ म्हणजे पीस, लोकर व रेशीम आंकड्याभोंवतीं गुंडाळून केलेला खोटा कीटक. (मराठींत मासा आणि माशी हे शब्द इतके जवळचे आहेत, पण एकाला दुसरीनें फसविण्याची ही युक्ति मात्र आपल्याकडे रुजली नाहीं.) ह्या विषयाचा बराचसा मजकूर थॉमस बार्कर नामक लेखकाकडून घेतल्याचें वॉल्टननें पहिल्या आवृत्तींत मोकळेपणानें सांगून टाकलें. त्यानें वर्णिलेल्या माश्यांची संख्या अवघी १२.

ही उणीव भरून काढली चार्ल्स कॉटननें. तो वॉल्टनहून ३७ वर्षांनीं लहान. जहागीरदार, कवि, आणि सदैव कर्जांत बुडालेला. स्टॅफर्डशायर आणि डर्बीशायर ह्यांच्या सीमेवरून वाहणारी डव्ह नदी त्याच्या बेरेसफर्ड येथील वाड्याखालून जात असे. तिच्या नितळ, खळाळत्या पाण्यांत ट्राउट मासे विपुल. ह्या संसारी, सोवळ्या म्हाताऱ्याशीं त्या उधळ्या सरदाराचें कसें जमलें ह्याचें नवल वाटतें. पण कॉटन त्याला पिता म्हणे आणि वॉल्टन त्याला पुत्र मानी. १६७४ सालीं कॉटननें नदीकांठीं दगडी मत्स्यगृह बांधलें आणि दारावरील शिळेवर दोघांचीं आद्याक्षरें एकमेकांत गुंफून कोरविलीं.

१६७६ सालीं वॉल्टनच्या ग्रंथाची पांचवी आवृत्ति निघावयाची होती. तिच्यासाठीं माशीच्या गळावरील दुसरा भाग कॉटननें सुमारें दहा दिवसांत लिहून दिला. त्यांत कोणत्या महिन्यांत कोणती माशी वापरावी हें सांगत त्यानें ६५ माश्या वर्णिल्या आहेत. त्या काळीं काठीला सहसा चक्री नसे. पंधरा ते अठरा फुटांची काठी, तिच्या टोकाला घोड्याच्या शेपटीच्या केसांचा निमुळता दोर, आणि आंकड्याजवळ तर दोनच केस. मोकळ्या पाण्यांत दोन केसांवर वीस इंची ट्राउट ज्याला काढतां येत नाहीं, त्यानें स्वतःला मासे धरणारा म्हणवूं नये, असें कॉटनचें परखड मत होतें! लंडनमध्यें तयार झालेल्या जाड अंगाच्या माशीची तर त्यानें भरपूर टर उडविली आहे. तसली एक माशी आपण हसण्याकरितां खिडकींत टांगून ठेवली होती, असें तो लिहितो. वडील मित्र लंडनचा. तरी ही थट्टा त्याच्याच ग्रंथांत छापली गेली.

कॉटननें त्या भागांतच नमूद केलें आहे कीं वॉल्टननें हें घर बांधकाम चालूं असतांना पाहिलें होतें, पूर्ण झाल्यावर नाहीं. २९ एप्रिल १६७६ रोजीं वॉल्टननें लंडनहून त्याला पत्र लिहिलें. शंभर मैलांहून अधिक अंतर आणि वयाचें त्र्याऐंशीवें वर्ष, हीं दोन्ही विसरून पुढल्या महिन्यांत आपण यात्रेला निघूं, असें त्यांत त्यानें कळविलें. तें पत्रही ग्रंथासोबत छापलें गेलें.

पांच वर्षांनीं, १६८१ सालीं, कर्ज फेडण्यासाठीं कॉटनला बेरेसफर्डची वतनवाडी विकावी लागली. तिच्याबरोबर तें घरही गेलें. १५ डिसेंबर १६८३ रोजीं, नव्वदी गांठून, वॉल्टन विंचेस्टर येथें वारला आणि तेथील कॅथीड्रलमध्यें त्याला पुरलें. कॉटन १६८७ सालीं लंडनमध्यें वारला. त्याची कबर पिकॅडिलीच्या सेंट जेम्स चर्चमध्यें आहे, डव्ह नदीपासून फार दूर. नदीकांठचें तें चौकोनी घर अजून उभें आहे, आणि दारावर तीं गुंफलेलीं अक्षरेंही.