यंत्र डोक्यावर की डोळ्यासमोर?

मागच्या बाकावरचे मूल फळ्यावरचा ३ वहीत ८ असा उतरवते, तेव्हा आपण त्याला ‘लक्ष दे’ म्हणतो. दोष लक्षाचा नसून नजरेचाही असू शकतो. जवळा बाजारसारख्या गावात तो मोजायचा कसा? या प्रश्नाचे एक उत्तर अनपेक्षित दिशेने आले.

माणसाच्या इंद्रियांना संगणकाची जोड देण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा संगणकी पडदा दाखवला. मान वळली की चित्रही बदले. पण मानेची हालचाल टिपणारा दांडा छताला टांगलेला असे. त्यामुळे माणूस जागेशीच बांधला जाई. पुढे यंत्रे लहान झाली. तरी ती अंगावर वागवावी लागतच.

मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांचे काम वेगळ्या वाटेने गेले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते अमेरिकेत गेले आणि २००२ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे पीएच. डी. झाले. चित्र डोक्यावरच्या पडद्यात न दाखवता थेट वस्तूवर पाडायचे, ही त्यांच्या कामाची दिशा. २००१ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी ताजमहालाच्या पांढऱ्या प्रतिकृतीवर प्रोजेक्टरने रंग आणि छाया उमटवल्या. डोक्यावर काहीही न घालता ते दृश्य अनेकांना एकाच वेळी पाहता येई.

२००८ साली रासकर एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेले. तेथे २०१० साली ‘नेत्रा’ हे साधन पुढे आले. मोबाइलच्या पडद्यावर एक लहानसे भिंगाचे साधन बसवायचे आणि त्यातून पाहायचे. आत दोन रेघा दिसतात. त्यांचे किरण बाहुलीच्या वेगवेगळ्या भागांतून आत जातात. डोळा निर्दोष असेल, तर ते दृष्टिपटलावर एकाच जागी पडतात आणि रेघा जुळतात. दोष असेल, तर त्या वेगळ्या दिसतात. बटण दाबून त्या जुळवायच्या. किती सरकवाव्या लागल्या, यावरून चष्म्याचा नंबर काढता येतो. म्हणजे मोजमापाचे निम्मे काम पाहणाऱ्याचा डोळाच करतो!

रासकर यांना २०१६ साली ५ लाख डॉलरचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला. पण नंबर कळणे म्हणजे चष्मा मिळणे नव्हे, आणि डोळ्यांच्या इतर आजारांसाठी डॉक्टरच हवेत. त्याआधीची पहिली पायरी मात्र आपल्या हाती आहे. चुकीचे उतरवणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी एकदा पुढच्या बाकावर बसवून पाहू. तेथून त्याला ३ चा ३ च दिसला, तर त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायला हवे, हे आपल्याला कळेल.