उज्जैनखालचा कातळ आणि नर्मदा-तापीच्या भित्ती

माळव्याच्या पठारावरची काळी जमीन बेसाल्ट झिजून तयार झाली आहे. उज्जैन याच पठारावर, क्षिप्रेच्या काठी वसले आहे. मातीखालचा कातळ म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले लाव्हाचे थर. हा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वर आला. भेगेतच थिजून राहिलेल्या शिलारसाच्या उभ्या पाषाणपट्टीला भूशास्त्रात भित्ती म्हणतात.

उज्जैनच्या दक्षिणेला विंध्याचा कडा उतरला की नर्मदेचे खोरे लागते. तिथून सातपुडा ओलांडून थेट तापीपर्यंत अशा भित्तींची दाटी आहे. भूशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचे भूशास्त्रीय वर्णन 1869 मध्ये प्रसिद्ध केले. पश्चिम भारतातील भित्तींवर जे. बी. ऑडेन यांनी 1949 मध्ये लिहिले. एकट्या नंदुरबार-धुळे भागात 200 हून अधिक भित्ती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतली सर्वांत लांब भित्ती सुमारे 79 किलोमीटरची आहे. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला, की भित्ती सपाट शेतांमध्ये टेकड्यांच्या सरळ रांगेसारखी उठून दिसते. जवळ जाऊन पाहिले तर कडेचा खडक अगदी बारीक कणांचा असतो, कारण थंड कातळाला टेकलेला शिलारस लवकर गोठला. आतले कण त्यामानाने मोठे. थंड होताना पडलेले सांधे भित्तीच्या अंगाला काटकोनात असतात. त्यामुळे या सांध्यांमुळे सुटे झालेले खडकाचे खांब उभे नसून आडवे, लाकडाचे ओंडके रचावेत तसे दिसतात.

भित्तीची दिशा हा त्या काळच्या ताणाचा सर्वांत बोलका पुरावा आहे. ज्या दिशेने दाब सर्वांत कमी असतो त्या दिशेला शिलारस भेग रुंदावतो, म्हणून भित्ती ताणाच्या दिशेला काटकोनात जाते. नर्मदा-तापीच्या भित्ती बहुतांशी पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य जातात. म्हणजे पृथ्वीचे कवच साधारण उत्तर-दक्षिण ताणले जात होते. नर्मदा-शोण हा कवचातला कच्चा पट्टा लाव्हापेक्षा कितीतरी जुना, आणि उफाळणाऱ्या शिलारसाने तोच धरला. या शिलारसाची उष्णता बहुतेक अभ्यासक आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त बिंदूशी जोडतात. कोकण किनाऱ्यालगतच्या भित्ती मात्र प्रामुख्याने उत्तर-दक्षिण आहेत. सेशेल्सचा भूभाग भारतापासून सुटताना कवच पूर्व-पश्चिम ताणले गेले, त्याची ती खूण.

दिसणाऱ्या प्रत्येक भित्तीने माळव्याला लाव्हा पुरवला, असे मात्र मानता येत नाही. जी भित्ती वरच्या थरांनाही छेदून जाते ती त्या थरांहून तरुण असते. म्हणून थर आणि भित्ती यांची रासायनिक घडण जुळते का, हे ताडून पाहिल्याशिवाय त्यांचे नाते ठरवता येत नाही.