शिक्षकाची रोजनिशी

नागपुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर, आदिलाबाद शहरास लागूनच मावला हे गाव आहे. २०१६ साली ते मंडलाचे ठिकाण झाले. ह्या मुलखात तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी व कोलामी ह्या भाषा शेजारी शेजारी नांदतात. जेथे मुलाची घरची भाषा एक, बाजाराची दुसरी आणि पुस्तकाची तिसरी, तेथे शिक्षकाची खरी कसोटी लागते. ती ह्याच मुलखात पूर्वी कशी लागली हे पाहिले, म्हणजे शिक्षकाने आपल्या कामाविषयी स्वतः का लिहावे, हे ध्यानी येईल.

१९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम ह्यांचा उठाव झाला. तो मोडल्यावर गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ ह्यांजकडे सोपविले. ते पत्नीसह मारलवाई ह्या गोंड खेड्यात राहिले. हे खेडे तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. हल्ली ते आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. १९४३ साली तेथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. शिकलेला गोंड मिळणे दुर्घट. म्हणून ज्यांस थोडेबहुत मराठी वाचता येत होते अशांनाच हाती धरण्यात आले. क्रमिक पुस्तके गोंडी भाषेत, परंतु देवनागरी लिपीत रचली गेली. सेतुमाधवराव पगडी हेही त्या काळी सरकारी सेवेनिमित्त ह्या भागात होते. त्यांनी गोंडी आत्मसात करून तिचे व्याकरण लिहिले.

ह्या नव्या शिक्षकांपुढे गोंडीतून शिकविण्याचा कोणताही घालून दिलेला कित्ता नव्हता. त्यांचा प्रत्येक दिवस हा एक प्रयोगच होता. परंतु आज आपण ही कथा वाचतो ती मुख्यत्वे संशोधकांच्या व अधिकाऱ्यांच्या लेखणीतून. शिक्षकाने स्वतः लिहिले नाही, तर त्याचे काम दुसरा लिहितो. आणि बाहेरच्यास वर्गाच्या दारातून जेवढे दिसेल तेवढेच तो लिहितो. आमच्या देवळांच्या ओवऱ्यांतून ज्या पंतोजींनी शाळा चालविल्या, त्यांचेही असेच झाले. मंद मुलास कसे वळण लावावे, ह्याची त्यांनी आयुष्यभर जमविलेली जाण त्यांच्याबरोबरच गेली.

ही उणीव महाराष्ट्रात लवकरच जाणवली होती. १८६१ साली शिक्षकांसाठी ‘मराठी शाळापत्रक’ निघाले. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकर व त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री ह्यांनी ते चालविले. विष्णुशास्त्र्यांच्या निर्भीड टीकेमुळे सरकारची मर्जी खप्पा झाली आणि १८७५ साली पत्र बंद पडले. शिक्षक मोकळेपणी लिहू लागला, की तो केवळ आज्ञाधारक नोकर राहत नाही, हेच ह्यातून दिसते.

ताराबाई मोडक ह्यांनी ‘शिक्षणपत्रिके’च्या द्वारे हाच मार्ग पुन्हा चोखाळला. १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे त्यांनी व अनुताई वाघ ह्यांनी आदिवासी बालकांत काम केले. मूल शाळेत येत नाही असे दिसताच त्यांनी शाळाच त्याच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरविली. ह्या कल्पना कोणा कचेरीत जन्मल्या नाहीत. आज काय फसले हे पाहणाऱ्या, त्यावर विचार करणाऱ्या आणि तो लिहून इतर शिक्षकांपुढे मांडणाऱ्या मनातून त्या उगवल्या. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक त्याची साक्ष आहे.

आपल्या परंपरेत श्रवणानंतर मनन आणि मननानंतर निदिध्यासन सांगितले आहे. विद्यार्थ्यास सांगितलेला हा क्रम शिक्षकाने स्वतःस लावून घेतला पाहिजे. तपासनिसासाठी भरलेली वही म्हणजे मनन नव्हे. तिच्यात सारे यथास्थितच असते. रात्री दिव्यापाशी बसून, “आज अमुक मुलास माझे बोलणे कळले नाही, चूक त्याची की माझी?” असे जो लिहितो, तो दुसऱ्या दिवशी थोडा निराळा होऊन वर्गात शिरतो. आणि ते लिखाण त्याने सहकाऱ्यास दाखविले, तर एकाच्या चुकीतून दोघे शहाणे होतात.

मावल्याच्या परिसरात आजही अनेक मुले घरची भाषा दाराबाहेर ठेवून शाळेत शिरत असतील. त्यांच्या शिक्षकांनी आपली रोजनिशी लिहावी व ती एकमेकांस वाचून दाखवावी, असे आम्हांस मनापासून वाटते. मारलवाईची पुढची कथा तरी शिक्षकांच्याच हातची असावी.