गरज कोण ठरवतो, खर्च कोण करतो? इंग्लंडमधील स्थानिक परिषदा आणि विशेष शैक्षणिक गरजा

परीक्षा जवळ आली की एखादा विद्यार्थी जादा वेळ मागायला येतो. तेव्हा आम्हा शिक्षकांचा पहिला प्रश्न असतो, 'प्रमाणपत्र आहे का?' मी अभियांत्रिकी शिकवतो आणि मीही अनेक वर्षे हेच विचारत आलो आहे. 'तुला नेमके काय लागेल?' हा प्रश्न नंतर येतो, कधी येतही नाही. या दोन प्रश्नांपैकी आधी कोणता विचारायचा, यावर इंग्लंडने शंभराहून अधिक वर्षे कायदे केले आणि बदलले. त्या इतिहासाची ही थोडक्यात ओळख.

१. आधी वर्ग, मग मूल

इंग्लंडमध्ये 1870 च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणासाठी निवडून आलेली स्कूल बोर्डे स्थापन झाली. शाळेत सर्व थरांतील मुले येऊ लागली, तेव्हा काहींना नेहमीच्या पद्धतीने शिकता येत नाही हे प्रथमच ठळकपणे दिसले. 1893 च्या कायद्याने अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाची सोय करणे स्थानिक यंत्रणांवर बंधनकारक झाले. 1902 मध्ये स्कूल बोर्डे रद्द होऊन शिक्षण काउंटी आणि मोठ्या शहरांच्या परिषदांकडे आले. तेव्हापासून या नियोजनाचे केंद्र स्थानिक परिषद हेच आहे.

1944 च्या शिक्षण कायद्यानंतर, 1945 च्या नियमांनी अपंग विद्यार्थ्यांचे 11 प्रवर्ग ठरवले. परिषदेचे काम म्हणजे मूल कोणत्या प्रवर्गात बसते ते पाहायचे आणि त्या प्रवर्गाच्या शाळेत पाठवायचे. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली मुले तर 'शिक्षणास अपात्र' ठरून आरोग्य विभागाकडे जात. 1970 च्या कायद्याने हा शिक्का पुसला आणि एप्रिल 1971 पासून ही मुलेही शिक्षण प्राधिकरणांची जबाबदारी झाली.

२. वॉर्नक समितीने फिरवलेली दिशा

तत्त्वज्ञ मेरी वॉर्नक यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल 1978 मध्ये आला. प्रवर्ग सोडा, मुलाची शैक्षणिक गरज पाहा, हे त्याचे सार होते. शालेय जीवनात कधी ना कधी पाचांपैकी एका मुलाला विशेष मदत लागू शकते, असा समितीचा अंदाज होता. म्हणजे हा प्रश्न मूठभर मुलांचा नव्हता, तो प्रत्येक शाळेचा होता.

1981 च्या कायद्याने हा विचार उचलला. जास्त मदत लागणाऱ्या मुलाचे परिषदेने मूल्यमापन करायचे आणि त्याच्या गरजा व द्यायची मदत एका लेखी 'स्टेटमेंट'मध्ये नोंदवायची. त्यात लिहिलेली शैक्षणिक मदत देणे परिषदेवर कायद्याने बंधनकारक होते.

३. रचनेतील दोष

आता नीट पाहा. गरज मोजणारी परिषद आणि खर्च करणारीही परिषदच. मोजणाऱ्यालाच बिल भरायचे असेल, तर मोजमापावर किती भरवसा ठेवायचा? शिवाय 1981 च्या कायद्यासोबत वेगळा निधी आला नाही. त्यामुळे 'स्टेटमेंट' मिळवणे ही पालकांसाठी लढाई होऊन बसली. तपासणीची सोय म्हणून 1993 च्या कायद्याने स्वतंत्र न्यायाधिकरण दिले. पण न्यायाधिकरण गाठायला वेळ, भाषा आणि चिकाटी लागते आणि ती सर्वच घरांत सारखी नसते. खुद्द वॉर्नक यांनी 2005 मध्ये या व्यवस्थेवर कठोर टीका केली.

2014 च्या कायद्याने 'स्टेटमेंट'ऐवजी शिक्षण, आरोग्य आणि निगा आराखडा आणला. वयोमर्यादा 25 वर्षांपर्यंत गेली, तर मागणीपासून अंतिम आराखड्यापर्यंत 20 आठवड्यांची मुदत ठरली. जानेवारी 2015 मध्ये सुमारे 2 लाख 40 हजार मुलांकडे असे आराखडे किंवा जुनी स्टेटमेंटे होती. जानेवारी 2024 पर्यंत आराखड्यांची संख्या सुमारे 5 लाख 76 हजार झाली. निधी त्या वेगाने वाढला नाही. अनेक परिषदांची तूट इतकी फुगली की 2020 पासून ती मुख्य हिशेबाबाहेर ठेवण्याची मुभा सरकारला द्यावी लागली. दुसरीकडे, अलीकडच्या वर्षांत न्यायाधिकरणात निकालापर्यंत गेलेल्या दहांपैकी नवाहून अधिक अपिलांत निर्णय पूर्णतः किंवा अंशतः पालकांच्या बाजूने लागला. याचा अर्थ परिषदेतील माणसे वाईट होती असा नाही. हक्क कायद्याने दिला आणि पैसा मात्र अंदाजपत्रकाच्या मर्जीवर सोडला, की असेच होते.

४. आपल्यासाठी काय?

आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील अनेक लाभ किमान 40 टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्राशी जोडलेले आहेत. ही टक्केवारी वैद्यकीय आहे. मुलाला वर्गात काय लागेल ते तिच्यातून कळत नाही. 2021 मध्ये, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट घालता येणार नाही. गरज आधी पाहायची, हाच वॉर्नक समितीचा विचार इथे वेगळ्या वाटेने आला. मात्र इंग्लंडचा अनुभव पुढचा इशाराही देतो. गरज मान्य करणे ही पहिली पायरी आहे. ती भागवणारा शिक्षक, वेळ आणि पैसा यांची सोय त्याच कायद्यात हवी.

विचारासाठी प्रश्न : तुमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्याची गरज कोण ठरवतो? खर्च कोण करतो? आणि दोघांचे मत जुळले नाही, तर त्या विद्यार्थ्याने कोणाकडे जायचे? उत्तर सापडले नाही, तर ते कार्यालयात जाऊन विचारा. मीही यंदापासून माझे दोन प्रश्न उलट्या क्रमाने विचारणार आहे.