डबा लावण्याआधी भूक किती ते विचारा



विजेचं बिल आलं की आपली नजर आधी शेवटच्या आकड्यावर जाते. पण तो आकडा ठरायला सुरुवात होते कित्येक वर्षं आधी. वीजकेंद्र कुठे उभारायचं, केवढं, कशावर चालवायचं हे ठरतं तेव्हा. आज ऐकू या आपल्याच राज्यातली अशी एक गोष्ट.

जून १९९२. महाराष्ट्र राज्य वीज मंडळानं अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीबरोबर प्राथमिक करार केला. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात भलंमोठं वीजकेंद्र व्हायचं होतं. दाभोळ प्रकल्प म्हणतात तो हाच. राज्यात विजेची टंचाई होती, हे खरं. पण ती कधी होती? दिवेलागणीला मागणी चढायची, मध्यरात्री उतरायची. १९९३ मध्ये जागतिक बँकेनं या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. केंद्र गरजेपेक्षा मोठं आहे, वीज महाग पडेल आणि तिच्यासाठी कोळशाची स्वस्त वीज बाजूला ठेवावी लागेल, असं बँकेचं म्हणणं होतं.

तरी त्याच वर्षी डिसेंबरात पक्का करार झाला. तो कसा होता? खानावळीचा डबा लावल्यासारखा. जेवा किंवा जेवू नका, महिन्याचे पैसे द्यायचेच. शिवाय दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. म्हणजे रुपया घसरला की वीज महाग.

गावातून विरोध झाला. १९९७ मध्ये वेलदूरच्या मासेमारी करणाऱ्या बायकाही आंदोलनात होत्या; त्यांनी पोलिसांचा मार आणि अटक सोसली.

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. इंधन होतं नाफ्ता, आणि तो महागत गेला. वीज महाग म्हणून मंडळानं कमी घेतली. पण ठरलेले पैसे द्यायचेच, म्हणून घेतलेलं एकेक युनिट आणखी महाग झालं. २००० च्या अखेरीस काही महिन्यांत ते सात रुपयांच्या वर गेलं. मंडळाला पैसे देणं जमेना. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडलं. डिसेंबरात एन्रॉनचंच दिवाळं निघालं.

या गोष्टीतून शिकायचं काय? आधी भूक मोजायची, मग चूल मांडायची. वीज कोणत्या वेळी, कोणत्या कामाला, किती लागते? त्यातली किती वाचवता येते? साठ वॅटच्या बल्बऐवजी नऊ वॅटचा एलईडी लावला, तर तीनशे घरांच्या गावात घरटी दोन बल्बांमागे दिवेलागणीची मागणी तीस किलोवॅटनं उतरते. तेवढ्यासाठी ना धूर, ना नवं केंद्र. उरलेली गरज भागवताना स्वस्त आणि स्वच्छ वीज आधी घ्यायची. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये राज्यानं सौर कृषी वाहिनी योजना आणली, तिच्यामागे हाच हिशेब आहे. ऊन दिवसा असतं, पाणीही दिवसाच भरायचं; मग रात्री अंधारात विंचूकाट्यात बांधावर कशाला जायचं?

आता दर ठरवण्याचं काम वीज नियामक आयोगाकडे आहे. २००३ च्या वीज कायद्यानुसार दर ठरवण्याआधी लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्याच लागतात. तशी नोटीस वर्तमानपत्रात येते. पुढच्या वेळी ती गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. दर का वाढतोय? ही वीज कुठून घेतली? आमच्या शेताला दिवसा कधी मिळणार? हे तीन प्रश्न कागदावर लिहा, खाली गटातल्या सगळ्याजणींच्या सह्या घ्या आणि मुदतीत पाठवा.