रानांतली शिकेकाई

केस धुण्याच्या द्रव्याला आज घरोघर 'शाम्पू' म्हणतात. शब्द परका वाटतो. परंतु त्याचें मूळ हिंदींतील 'चांपो' ह्या आज्ञार्थी रूपांत आहे. चांपणें म्हणजे अंग दाबणें, मळणें. पाटण्यास १७५९ सालीं जन्मलेल्या शेख दीन महंमद ह्या गृहस्थानें इंग्लंडांत ब्रायटन येथें स्नानगृह काढून ही अंगमर्दनाची विद्या तिकडे लोकप्रिय केली आणि १८२२ सालीं तिजवर पुस्तकही लिहिलें. पुढें अर्थ पालटून तोच शब्द केस धुण्याकडे वळला व बाटलींत बसून मायदेशीं परतला. मात्र ज्या वस्तूंनीं येथल्या स्त्रिया पिढ्यान् पिढ्या न्हात आल्या, त्या ह्या प्रवासाला कधीं निघाल्याच नाहींत. त्या सह्याद्रीच्या रानांतच राहिल्या.

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्याचे समुद्रापासून दूरचे तालुके. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भीमाशंकर व बोरघाट ह्यांकडे चढत गेलेली सह्याद्रीची भिंत. मधून उल्हास आणि पाताळगंगा वाहतात. ह्या उतारांवरील रानांत शिकेकाईची वेल मोठमोठ्या झाडांवर चढते. तिचे कांटे आंकड्यासारखे वळलेले असल्यामुळें शेंगा काढणाऱ्याचे हात ओरबाडल्यावांचून राहत नाहींत. शिकेकाई हें नांव कानडी 'सीगेकाई' ह्यावरून आलें. रिठा हा संस्कृतांतील 'अरिष्टक'. त्याचेंच दुसरें नांव 'फेनिल', म्हणजे फेंस देणारा.

आदल्या रात्रीं डोक्याला तेल जिरवावें, शिकेकाईच्या शेंगा, बिया काढलेले रिठे व आवळकाठी भिजत घालावी, सकाळीं तें सारें उकळून कुसकरावें, फडक्यानें गाळावें व कोमट पाण्यानें न्हावें, अशी जुनी रीत. लांब केस असले म्हणजे न्हाणीघरांत दुसरीनें पाणी घालावयास बसावें लागे, आणि काढा डोळ्यांत गेला कीं मुलींची रड ठरलेलीच! ह्या रीतींत शास्त्रही आहे. दोन्ही फळांत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. तें पाण्यांत फेंसाळतें व मळ सोडवितें. साबण क्षारधर्मी असल्यानें केस राठ करतो आणि जड पाण्यांत त्याचा चिकट साका बसतो. शिकेकाईचा काढा किंचित् आम्ल असल्यानें तसें होत नाहीं. न्हाण्यापूर्वीं लाविलेलें खोबरेल केसांत शिरून धुतांना होणारी त्यांतील प्रथिनांची झीज कमी करतें, असें मुंबईंतील संशोधकांनीं २००३ सालीं दाखवून दिलें.

खोबरेल मात्र इथलें नव्हे. नारळाचीं आगरें अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर. डोंगरउतारांच्या वरकस जमिनींत तीळ व खुरासणी पिके, आणि त्यांचें तेल तेल्याच्या घाण्यावर निघे. १८५६ सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत आली, तेव्हां मुंबईची बाजारपेठ एकदम जवळ झाली.

पण शेंगा कोण गोळा करी, हा प्रश्न बाजारांत कोणी विचारीत नसे. तें काम ठाकूर व कातकरी ह्यांचें. खैराचा कात पाडणें हा कातकऱ्यांचा मूळ धंदा, त्यावरूनच त्यांचें नांव. १८७८ च्या जंगल कायद्यानें रानें राखीव झालीं आणि हा धंदा उतरणीस लागला. कर्जत तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेचीं जंगलाविषयींचीं गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं कीं मुंबई सरकारला १८८५ सालीं त्यांसाठीं चौकशीमंडळ नेमावें लागलें. पुढें २५ सप्टेंबर १९३० रोजीं ह्याच कुलाबा जिल्ह्यांत चिरनेर येथें जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यांत पडलेल्यांपैकीं नाग्या महादू हा कातकरी होता. पिढ्यान् पिढ्या ज्या रानावर पोट भरलें, त्यांत शिरतांना चोर ठरावें लागावें, हें दुःख त्या गोळीबारामागें होतें.

स्वातंत्र्यानंतरही हा प्रश्न लवकर सुटला नाहीं. १९७२ सालीं राज्यांत आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालें. वनोपज व्यापाऱ्याच्या तागडींतून सोडवून योग्य भावानें घ्यावें, हा त्याचा एक हेतु. गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा मालकी हक्क मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यानें स्पष्टपणें मान्य केला. कायद्याचें हें पाऊल मोठें खरें. तथापि दावा मंजूर होणें, माल सांठवावयास जागा मिळणें आणि दलालाची उचल न घेतां हंगामापर्यंत तग धरणें, ह्यांवांचून हक्काचा भाव हातीं पडत नाहीं. पावसाळा सरला कीं कित्येक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात तीं ह्या उचलीपायींच.

आज बाटलीवर शिकेकाईचें चित्र असतें. आंतील फेंस बहुधा कारखान्यांतील रसायनाचा असतो. ज्याला केस जपावयाचे असतील त्यानें शेंगा अवश्य आणाव्या. मात्र भाव करतांना, त्या कांट्यांत कोणाचे हात गेले असतील, एवढें मनांत आणावें.