काशी गेला, नवीन गेला

कबड्डीत संघाचा हुकमी चढाईपटू दर पाच-सात मिनिटांनी गमवावा लागतो. तो बाद होतो, मैदानाबाहेर जाऊन बसतो, आणि आत उरलेल्यांना त्याला परत आणायची घाई लागते. इतर खेळांत मोठा खेळाडू जायबंदी झाला की संघाची झोप उडते. आमच्या खेळात त्याच्यावाचून खेळायची तालीम प्रत्येक सामन्यात होते. तरीही दिल्लीच्या व्यावसायिक संघाला हे अंगवळणी पडायला आठ मोसम लागले. ते सगळे मी दिल्लीतल्या द्वारकेत बसून पाहिले. बरेचसे टीव्हीवर, आणि सामने दिल्लीत असले की ब्लू लाइन पकडून, राजीव चौकात गाडी बदलून आयएनएला उतरत त्यागराज स्टेडियममध्ये.

मी मूळचा वाळवा तालुक्यातला. आमच्याकडे जुनी माणसं हुतूतूचे तीन प्रकार सांगायची. अमर प्रकारात बाद झालेला बाहेर जातच नसे, नुसता गुण मोजायचा. गामिनीत बाद झालेला गेला तो गेलाच. सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत त्याने बाहेर बसून बघायचं. संजीवनीत समोरचा एक मारला की आपला एक जिवंत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियमांना वळण लावलं, १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने मोठी स्पर्धा भरवली, १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ तिथे करून दाखवला. या सगळ्या घडामोडीत टिकली ती संजीवनी. माझ्या मते हेच बरं झालं. गामिनीत पहिल्याच चढाईत हुकमी गडी पडला, तर पुढचा खेळ म्हणजे नुसती उत्तरक्रिया.

संजीवनीतही एक खोच आहे. खेळाडू ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने आत येतात. हुकमी गडी पहिला बाद झाला असेल तर एका गुणात परत येतो. त्याच्या आधी तिघे बसलेले असतील तर चार मारावे लागतात. आणि बोनसने गुण मिळतो, माणूस मिळत नाही. आत तिघेच उरलेत, हुकमी गडी रांगेत चौथा बसलाय, गुडघ्यांवर कोपरं टेकून घड्याळाकडे बघतोय, अशा वेळी कर्णधाराची अक्कल कळते. चढाईला गेलेल्याने निदान रेषा ओलांडून नुसतं परत यायचं, तीस सेकंद खायचे. समोरच्याची चढाई आली की तिघांनी पकडीची वाट बघायची, कारण तिघांत किंवा त्याहून कमी जणांत पकड झाली तर दोन गुण. गर्दी ओरडत असते, ‘अरे मार की!’ शहाणा कर्णधार कानात बोळे घालतो.

गावाकडे हुकमी गडी जायचा तो दुखापतीने नव्हे, नोकरीने. लालबाग-परळच्या मंडळांत गिरणी कामगार आणि त्यांची पोरं खेळायची. मग रेल्वे, एअर इंडिया, पोलीस, बँका खेळाडूंना नोकऱ्या देऊ लागल्या. गावच्या संघातला गडी असा उचलला गेला की त्याच्या घरी पेढे वाटले जायचे आणि तालमीत सुतक. पुढच्या यात्रेतल्या सामन्यात संघ पहिल्या फेरीत बाद व्हायचा. दुसरा कोणी तयार करायला वेळच मिळालेला नसायचा, कारण वर्षानुवर्षं सगळ्या चढाया त्या एकानेच केलेल्या असायच्या.

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा दबंग दिल्लीने नेमकी हीच गावची चूक लाखोंच्या बोलीवर केली. संघाची चढाई म्हणजे काशिलिंग आडके, आमच्या सांगली जिल्ह्यातला. उंच, अंगापिंडाने दणकट, आणि पकडीतून उसळी मारून सुटायचा. नजफगडकडची, काकरोल्याची पोरं ‘काशी, काशी’ ओरडायची तेव्हा माझी छाती उगीच फुगायची. दुसऱ्या मोसमात सर्वोत्तम चढाईपटूचा मान त्याला मिळाला. त्याच मोसमात दिल्ली उपांत्य फेरीच्या जवळपासही नव्हती! तो रांगेत बसला की बाकीचे नुसते त्याच्याकडे बघत. २०१७ला तो यू मुंबाकडे गेला आणि दिल्ली आपल्या गटात तळाला राहिली. पहिल्या पाच मोसमांत हा संघ एकदाही बाद फेरीत पोचला नाही. वाईट याचं वाटतं की कबड्डी दिल्लीला नवखी नव्हती. राकेश कुमार आणि मनजित छिल्लर ज्या निजामपूरचे, ते गाव दिल्लीच्याच हद्दीत आहे.

२०१८ला भिवानीचा नवीन कुमार आला. वय अठरा, अंगाने सडसडीत. कोपऱ्यातल्या रक्षकाला हात लावून तो परत निघालेला असायचा तेव्हा रक्षकाचा हात हवेत असायचा. २०१९च्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने १८ गुण घेतले आणि दिल्ली बंगालकडून ३९-३४ अशी हरली. पुन्हा तेच, म्हटलं. काशीचं नाव पुसून नवीनचं लिहिलं इतकंच.

आठव्या मोसमात मात्र गुडघ्याने घोळ घातला आणि तोच पथ्यावर पडला. करोनामुळे अख्खा मोसम बंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना चालला होता. नवीन मधले बरेच सामने बाहेर बसला. कर्णधार जोगिंदर नरवाल आणि प्रशिक्षक कृष्णकुमार हुडा यांनी दुसरा नवीन शोधला नाही. विजय मलिक, आशू मलिक, नीरज नरवाल, संदीप नरवाल यांच्यात चढाया वाटल्या. देखणा खेळ नव्हता तो. रेंगाळत, वेळ खात, दोन रिकाम्या चढायांनंतरच्या सक्तीच्या तिसऱ्या चढाईवर गुण काढत त्यांनी सामने ओढले. २५ फेब्रुवारी २०२२ला पाटण्याविरुद्ध अंतिम सामना ३७-३६ असा जिंकला तेव्हा नवीन परतला होता, त्याचे गुण १३. विजय मलिकचे १४.

दहाव्या मोसमात नवीनचा गुडघा पुन्हा गेला, आणि आशू मलिकने संघ बाद फेरीत नेला. पुण्याला हे जमलं नाही. मार्च २०२४मध्ये अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटण विजेती झाली, पुढच्याच मोसमात अस्लम गुडघ्यामुळे बाहेर गेला आणि गतविजेते बाद फेरीलाही मुकले. पुण्याकडे पोरं गुणी होती. पण अटीतटीच्या वेळी सावकाश खेळायला सांगणारा तोच होता, आणि चढाईपटूपेक्षा असा माणूस भरून काढणं अवघड.

२०२५च्या लिलावात नवीन हरियाणा स्टीलर्सकडे गेला. आमच्या सोसायटीतले हरियाणवी शेजारी मला म्हणाले, ‘अब आपकी दिल्ली गई, भाईसाहब.’ दिल्ली माझी कधी झाली कोण जाणे, पण गेली नाही. ३१ ऑक्टोबरला त्यागराजमध्ये अंतिम सामना होता दिल्ली आणि पुणे यांच्यात. पुण्याच्या आदित्य शिंदेने चढायांत दहा गुण मिळवले. दिल्लीकडून नीरज नरवालने सर्वाधिक गुण घेतले, त्याच्या जोडीला महाराष्ट्राचा अजिंक्य पवार, मागे इराणचा फझल अत्राचली. प्रशिक्षक जोगिंदर नरवाल, तोच आठव्या मोसमातला कर्णधार. दिल्ली ३१, पुणे २८.